आधी खेळ, मग मैदान : प्रस्तावना

गावात मुलांसाठी मैदान करायचे ठरले की कामाचा क्रम बहुधा ठरलेलाच असतो. निधी मंजूर होतो, जागा सपाट केली जाते, मुरूम पडतो, कुंपण लागते आणि एके दिवशी टेम्पोतून घसरगुंडी, सी-सॉ आणि दोन झोके उतरतात. या क्रमात मुलांची पाळी येते ती सर्वांत शेवटी, फीत कापताना, रांगेत उभे राहून. हा क्रम उलटवला तर? आधी मुलांचे खेळ, त्यांच्या कल्पना आणि त्यांची ओढ समजून घेतली आणि लोखंड-सिमेंटचा विचार त्यानंतर केला, तर मैदानाचे रूप कसे होईल? या प्रश्नाभोवती गेल्या नव्वदेक वर्षांत एक अभ्यासक्षेत्र घडत गेले आहे. भूदृश्यरचना, बालमानसशास्त्र, भूगोल, लोकसाहित्य आणि बालशिक्षण अशा अनेक वाटा त्यात येऊन मिळाल्या. त्यामुळे येथे शिरण्याला अमुकच पदवी लागते असे नाही. वास्तुकलेची विद्यार्थिनी, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, अंगणवाडी सेविका, ग्रामसभेत ठराव मांडणारा सदस्य आणि झोक्याचा खांब रोवणारा गवंडी, या सर्वांना येथे काम आहे. त्यांचे स्वागत करावे आणि क्षेत्राची हद्द, त्यातले वाद आणि कामाची पद्धत त्यांच्यापुढे ठेवावी, हा या प्रस्तावनेचा हेतू.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर धरले आहे : परभणी जिल्ह्यातले पेडगाव. या क्षेत्रातले गाजलेले बहुतेक लेखन कोपनहेगन, ॲमस्टरडॅम, लंडन अशा शहरांतून आले. तेथे अडचण होती ती जागेची आणि मोटारींची. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरच्या गावाची गोष्ट निराळी. अशा गावात मूल पारावर खेळते, ओढ्यात उतरते, कडब्याच्या गंजीवर चढते, उभ्या बैलगाडीच्या जुवाला लोंबकळते, घरकुलासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात बोगदे खणते. मोठ्यांनी जागा आखून देण्याआधीच मुलांनी अख्खे गाव आपापसांत वाटून घेतलेले असते. म्हणून पेडगावसारख्या गावात रचनाकाराचे पहिले काम मोजपट्टी काढण्याचे नसते. ही वाटणी कशी झाली आहे ते समजून घेण्याचे असते.

क्षेत्राचा आरंभ साधारणपणे डेन्मार्कमध्ये धरला जातो. सी. टी. सोरेनसन हे तिथले नावाजलेले भूदृश्यरचनाकार. त्यांनी स्वतः मुलांसाठी नीटनेटकी क्रीडांगणे आखली होती. पण मुले ती सोडून बांधकामांच्या जागी जातात, फळ्या, विटा आणि मातीचे ढिगारे यांत तासन् तास रमतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९३१ मध्ये त्यांनी टाकाऊ सामानाच्या मैदानाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आली १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. जॉन बर्टेलसन हे तेथे मुलांसोबत राहणारे पहिले कार्यकर्ते. मुलांनी तेथे झोपड्या बांधल्या, पाडल्या आणि पुन्हा बांधल्या. आपल्या हातून झालेल्या कामांत हे मैदान दिसायला सर्वांत कुरूप, पण आपल्या मते सर्वांत चांगले, अशा आशयाचे सोरेनसन यांनी पुढे लिहून ठेवले. १९४६ मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी एमड्रुप पाहिले आणि लंडनमध्ये बाँबहल्ल्यांनी रिकाम्या झालेल्या जागांवर तशी मैदाने व्हावीत यासाठी चळवळ उभी केली. त्याच सुमारास, १९४७ पासून, ॲल्डो व्हान आइक यांनी ॲमस्टरडॅमच्या पडीक कोपऱ्यांत लहान लहान क्रीडास्थळे रचायला घेतली. १९७८ पर्यंत त्यांची संख्या सातशेच्या घरात गेली. वाळूचा हौद, उड्या मारायचे दगडी ठोकळे आणि उलटे लटकायच्या साध्या कमानी एवढेच त्यांत असे. हत्ती-घोड्यांच्या आकाराची खेळणी त्यांनी मुद्दाम टाळली, कारण हत्ती म्हणून बनवलेल्या वस्तूला मुलाने आणखी काय मानायचे?

मराठी वाचकाने हा इतिहास वाचताना आपल्याकडच्या एका घटनेशी तो ताडून पाहावा. एमड्रुपनंतर दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अनुभव घेतला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. वाड्या-पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती यांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली : मूल जिथे आहे, जे करते आहे, तिथूनच आरंभ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या धबडग्यात अंगणातला खेळ मात्र पुष्कळदा मागे पडला. बोर्डीचे काम आपण बालशिक्षणाच्या इतिहासात वाचतो. क्रीडांगण-रचनेच्या इतिहासातही त्याला एमड्रुपच्या शेजारी बसवले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

या दोन्ही प्रयोगांमागचे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले सायमन निकल्सन यांनी, १९७१ मध्ये. त्यांचे म्हणणे असे : एखाद्या जागी मुलांची कल्पकता आणि शोधकपणा किती फुलेल, हे तिथे हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या सुट्या वस्तू किती आणि किती प्रकारच्या आहेत यावर अवलंबून असते. परभणीच्या शिवारात या सिद्धांताची सामग्री हंगामागणिक बदलते. सुगीनंतर ज्वारीची धाटे येतात आणि त्यांच्या बैलगाड्या होतात. तुराट्या आणि पऱ्हाट्यांची खोपटी उभी राहतात. पोळ्याच्या आधी काळ्या मातीचे बैल वळले जातात. चिंचोके, सागरगोटे, फुटक्या खापऱ्या, जुने टायर यांना बारमाही मागणी. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चिंध्यांचा चेंडू पुरतो. पोलादी घसरगुंडीवर वर चढून खाली येणे एवढेच ठरलेले. तुराटीचे काय करायचे ते मात्र मूल ठरवते.

मग घसरगुंडी नकोच का? तसे म्हणणे मुलांवर अन्याय करणारे होईल. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. उद्यान १९५२ चे. बुटाची कल्पना एका इंग्रजी बालगीतावरून घेतलेली. ती मोठ्यांची होती, परक्या भाषेतली होती आणि सिमेंटात कायमची घट्ट झालेली होती. तरीही पिढ्यान् पिढ्या मुले त्यात धावत शिरली, कारण आत शिरणे, वर चढणे आणि खिडकीतून खालच्यांना हाका मारणे या तीन गोष्टी त्यात साधतात. तेव्हा आकार कोणाच्या कल्पनेतला यापेक्षा त्या आकारात मुलाला काय काय करता येते, हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो.

येथे आपण या क्षेत्राच्या मध्यवर्ती अडचणीपाशी येतो : मुलांना काय हवे ते कळावे कसे? सरळ विचारले तर मुले सरळ उत्तर देतात, आणि ते उत्तर त्यांनी पाहिलेल्या वस्तूंपुरते असते. परभणीच्या बागेत घसरगुंडी पाहिलेला मुलगा घसरगुंडी सांगेल. मोबाइलवर गाड्यांचा खेळ खेळणारी मुलगी गाडी सांगेल. गुरुजी शेजारी उभे असतील तर कोणीतरी वाचनालयही सांगेल. या मागण्यांची यादी करून ती कंत्राटदाराकडे दिली म्हणजे मुलांचा सहभाग झाला, असा समज सर्वत्र आढळतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे यांना, ते सहभाग मानतच नाहीत. आपल्याकडच्या उद्घाटनांची छायाचित्रे या शिडीवर ठेवून पाहावीत.

या पुढच्या साऱ्या विवेचनाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा : मुलाची इच्छा त्याच्या उत्तरात थोडी दिसते, त्याच्या खेळात जास्त दिसते, आणि त्याने स्वतः बदललेल्या जागेत सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून विचारणे, पाहणे आणि सोबत करून बघणे या तिन्ही पद्धती एकमेकींच्या आधाराने वापराव्या लागतात.

विचारायचेच तर वस्तू विचारू नये, कृती विचारावी. घसरगुंडी हवी म्हणणाऱ्याला तिथे काय काय करशील असे विचारले की उंचावर उभे राहणे, वेग घेणे, एकामागोमाग रांगेने पडणे, खालच्या सावलीत दुकान मांडणे अशी उत्तरे निघतात. ही उत्तरे मातीचा उंचवटा, दोर आणि एक आडोसा यांनीही पुरी होऊ शकतात. चित्रे काढून घेण्याची पद्धत लोकप्रिय आहे. पण चित्रापेक्षा चित्र काढताना मूल जे बोलते ते टिपणे महत्त्वाचे. मुलांनाच वाटाड्या करून गावातून फिरणे ही त्याहून समृद्ध पद्धत. कुठे लपता येते, कुठे भीती वाटते, कोण हाकलून देते, कोणत्या झाडाची फांदी कोणाच्या मालकीची मानली जाते, हे चालता चालता कळते. केव्हिन लिंच यांनी १९७०च्या दशकात युनेस्कोच्या साहाय्याने चार देशांतल्या वाढत्या वयाच्या मुलांकडून त्यांचा परिसर समजून घेतला. १९९०च्या दशकात लुईस चावला यांच्या पुढाकाराने तो अभ्यास नव्याने झाला, आणि त्यात बेंगळुरूची सत्यानगर ही वस्तीही होती. सोयींची वानवा असूनही तिथली मुले आपल्या वस्तीशी घट्ट जोडलेली आढळली. शेजार, सणवार आणि बिनधास्त हिंडण्याची मोकळीक यांची किंमत त्या अभ्यासाने अधोरेखित केली.

पाहण्याची शिस्त वेगळी. येथे निरीक्षकाने वेळ आणि ऋतू दोन्ही सांभाळायला हवेत. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळीसच्या वर असतो. दुपारी मैदान ओस दिसले तर मुलांना मैदान नको असा अर्थ होत नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून वर येते आणि खेळ ओट्यांवर, देवळाच्या सभामंडपात सरकतो. दिवाळीनंतर या भागातली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांची मुले कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर महिने काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांची बैठक जानेवारीत घेतली तर ही मुले त्या बैठकीत नसतात. मैदान त्यांचेही आहे. म्हणून विचारणा कधी करायची हा न्यायाचा प्रश्न होतो.

ऋतूनुसार रचना कशी बदलावी याचा जुना धडा नागपंचमीच्या झोक्यात आहे. श्रावणात लिंबाच्या किंवा चिंचेच्या जाड फांदीला दोर बांधला जातो, माहेरी आलेल्या लेकी आणि लहान मुली उंच झोके घेतात, सण सरला की दोर उतरतो. फांदी पारखून घेणारी माणसे गावातच असतात, खालची जमीन पावसाने मऊ झालेली असते, आणि काही दिवसांपुरतीच चीज असल्याने तिचे अप्रूप टिकते. आजच्या रचनाकाराने कायमस्वरूपी खेळण्यांच्या जोडीला अशा येणाऱ्या-जाणाऱ्या साधनांची जागा राखली तर मैदान शिळे होत नाही.

मुलींचा उल्लेख आला आहे तर त्याच धाग्याने पुढे जाऊ. मोठे सपाट मैदान म्हणजे काही वर्षांत क्रिकेटचे मैदान, आणि क्रिकेटचे मैदान म्हणजे मोठ्या मुलांचे. मुली, लहान मुले आणि कडेवर भावंड घेऊन आलेली ताई कडेला सरकतात. व्हिएन्नात १९९०च्या दशकात हाच अनुभव अभ्यासातून पुढे आला : दहाव्या वर्षानंतर बागांतून मुलींची संख्या घटत होती. तेथे काही बागा छोट्या छोट्या भागांत विभागून नव्याने रचल्या गेल्या आणि मुलींचा वावर वाढला. आपल्याकडे सागरगोट्यांना गुळगुळीत फरशी लागते, ठिकरीला आखता येईल अशी जमीन, फुगडीला चौघींपुरता पक्का चौथरा आणि भातुकलीला आडोसा. मैदानाच्या चारही कडांनी असे कोपरे काढले तर मधला क्रिकेटचा चौकही टिकतो. चाकाच्या खुर्चीवरचे किंवा कमी दिसणारे मूल या कोपऱ्यांपर्यंत पोहोचेल अशी कडक पायवाट आणि हाताला कळेल असा कठडा, हे आराखड्यात पहिल्यापासूनच असावे; नंतर जोडलेला उतार बहुधा चुकीच्या जागी येतो.

सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत निघतो आणि निघावाच. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार सांगितले : उंची, वेग, धारदार अवजारे, पाणी-विस्तवासारखी धोक्याची ठिकाणे, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे. आपल्या गावाची उजळणी करा. सूरपारंब्या, झोका, विळ्याने तासलेली विटी, विहिरीतले पोहणे, कुस्ती, लपंडाव : सहाच्या सहा प्रकार आपल्या खेळांत आधीपासून आहेत. मुलाला दिसणारी, अंदाज घेता येणारी जोखीम त्याला शहाणे करते. न दिसणारा धोका त्याचा जीव घेऊ शकतो. झाडाची उंची पहिल्या प्रकारची. गंजून आतून पोकळ झालेला खांब, कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिकचे अस्तर लावलेले शेततळे दुसऱ्या प्रकारचे. त्या गुळगुळीत उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्याला कुंपण, आत सोडलेला गाठींचा दोर आणि हवेने भरलेली ट्यूब यांवरचा खर्च मैदानाच्या कुंपणाआधी व्हायला हवा. झाडावर चढायला बंदी आणि शेततळे उघडे, ही आपली नेहमीची उलटी काळजी आहे.

माती आणि ऊन हे परभणीपुरते दोन सहरचनाकारच आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वरवर पुरलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतो. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा मुळात खांबच कमी लागतील अशी रचना करावी लागते. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून उभी केली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तिला हात लावता येत नाही. लिंब, वड, चिंच, करंज यांची सावली हे येथले सर्वांत महत्त्वाचे क्रीडासाधन. पण ते तयार व्हायला वर्षे लागतात, म्हणून झाड आधी लावावे आणि उभे झाड वाचवून आराखडा वळवावा. पाण्याची टाकी किंवा हातपंप जवळ असेल तर सांडपाण्याच्या चरातच मुलांचे धरण होते. त्यासाठी वेगळे काही बांधायची गरज नाही. तो चर सिमेंटने झाकू नये एवढेच.

कायदा आणि पैसा यांबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम खेळाचा हक्क मानते आणि १२ वे कलम स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळसाहित्य बंधनकारक आहे. मनरेगाच्या कामांच्या यादीत खेळाच्या मैदानाला स्थान मिळाले, आणि ग्रामपंचायतींच्या नियोजनासाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांत बालस्नेही गाव ही एक आहे. वाटा आहेत, अडते ते बहुधा पाच वाजता शाळेच्या फाटकाला लागणाऱ्या कुलपापाशी. ते कोणी, कधी उघडायचे, सुटे सामान कुठे ठेवायचे आणि सैल झालेला बोल्ट कोणी आवळायचा, हे न ठरवता केलेला आराखडा अपुरा समजावा.

या क्षेत्रात एकमत नाही, आणि नव्या अभ्यासकाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. मोठ्यांनी खेळासाठी जागा आखली की खेळातला मुलांचा स्वतःचा पुढाकार कमी होतो, असे मानणारे आहेत. शहरातल्या मुलांसाठी तयार झालेल्या पद्धती गावात जशाच्या तशा चालतील का, हा वाद मिटलेला नाही. आमच्या लहानपणीचे खेळ परत आणा, हा आग्रहही तपासावा लागतो. आठवणीत रमणाऱ्या मोठ्यांची ती इच्छा असते, मुलांची असेलच असे नाही. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या रस्त्यांवरच्या खेळांचे मोठे संकलन प्रसिद्ध केले. मुलांचे खेळ मेले अशी हाकाटी होत असताना मुले खेळ बदलत, वाढवत असतात, हे त्यातून दिसले. आज कोणी पेडगावच्या मुलांना विटीदांडू विसरली म्हणून दोष देण्याआधी ओपन जिमच्या यंत्रांवर ती नवे कोणते खेळ रचत आहेत ते पाहावे. दंड कमावण्याच्या त्या यंत्रांची मुलांनी जहाजे आणि घोडे केले असतील, तर ती कल्पकतेची ताजी नोंद आहे.

अशा नोंदी मराठीत हव्या आहेत. सुरुवात करायला संस्था किंवा अनुदान लागत नाही. एक वही पुरते. सकाळी शाळेआधी, दुपारी सावलीत आणि दिवेलागणीला गावातल्या एकाच ठिकाणी बसावे. कोण आले, काय घेऊन आले, जागेत काय बदलले आणि कोणाला हाकलले गेले ते लिहावे. मुलांची नावे लिहू नयेत. हेच पावसाळ्यात आणि सुगीनंतर पुन्हा करावे. मग त्याच मुलांसोबत एखादा कोपरा तात्पुरत्या साहित्याने उभारावा आणि तो महिनाभरात काय होतो ते बघावे. पक्के बांधकाम त्यानंतर. आणि त्या बांधकामाच्या अंदाजपत्रकातही काही रक्कम पुढच्या वर्षीच्या फेरबदलांसाठी राखून ठेवावी. मैदान पूर्ण झाल्याचा दाखला कंत्राटदाराला पहिल्या वर्षीच लागतो. मुले तो सहसा देत नाहीत, आणि त्यांची ही हरकत अंदाजपत्रकात धरलेली असावी.